चार नंबरचं बटण

कंप्युटरवर नवी आवृत्ती टाकायची की जुनीच चालू द्यायची, यावरून आमच्या घरात पाच महिने भांडण चाललं. लोकं शेताच्या धुऱ्यावरून भांडतात, सासूवरून भांडतात. आम्ही नवरा-बायको लिनक्सवरून भांडलो, आणि आमच्यातल्या एकाला भांडायला जीभच नव्हती. वाचणाऱ्याला हे वाक्य कडू लागेल. लागू द्या. मला गोड बोलता येत नाही, आणि त्यांनाही कधी येत नव्हतं.

ते म्हणजे माझे यजमान. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये तीस वर्षं मशीन ऑपरेटर होते, आणि तीस वर्षं डाव्या गालात खर्रा होता. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून देतात, तो खर्रा. आमच्याकडे माणूस भेटला की रामराम नंतर होतो, पुडी आधी निघते. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मी बोंबलत होते. "कायले खाता जी हे?" म्हटलं की एकच उत्तर, "तुले का त्रास होऊन राहिला वो?" त्रास कोणाला व्हायचा होता ते पुढं दिसलंच. गालात पांढरा चट्टा आला, चट्ट्याची जखम झाली, आणि नागपूरच्या डॉक्टरने एका सकाळी कागदावर तोंडाचं चित्र काढून त्यातला जवळपास अर्धा भाग पेनाने खोडून दाखवला. जीभ जाणार होती आणि एका बाजूचा जबडा जाणार होता.

तिथल्याच एका बाईने आम्हाला बाहेर बाकावर गाठलं. म्हणाली, "घरात रोज लागणारं बोलणं ऑपरेशनच्या आधी रेकॉर्ड करून ठेवा. मागून फार उपयोगी पडतं." एवढा शहाणा सल्ला त्या सगळ्या काळात मला दुसऱ्या कोणी दिला नाही. बाकीच्यांनी कडुलिंबाचा पाला आणि धीर दिला.

मी गोंदियाजवळ कुडव्याच्या एका शाळेत कंप्युटर शिकवते. शाळेने भंगारात काढलेली एक मशीन घरी आणून मी तिच्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम, टाकलं होतं आणि ती छान चालायची. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी, स्वयंपाकखोलीच्या दाराशी बसून आम्ही अकरा वाक्यं रेकॉर्ड केली. कीबोर्डच्या वरच्या रांगेत बारा बटणं असतात. एका बटणावर एक वाक्य. बटण दाबलं की त्यांच्याच आवाजात ते वाक्य स्पीकरवर वाजावं, असा एक छोटासा प्रोग्रॅम मी शोधून बसवला होता.

एक नंबरवर "पाणी दे." दोनवर "पंखा कमी कर." तीनवर "दुखून राहिलं." चार नंबरवर "वो, इकडे ये." हे त्यांनी मिलमधल्यासारखं ओरडून म्हटलं, कारण मिलमध्ये हळू बोललेलं कोणाला ऐकू जात नाही, आणि नेमकी त्याच वेळी मागं कुकरची शिटी झाली. मी म्हटलं, पुन्हा करू. ते म्हणाले, "राहू दे. शिटीनं समजते का घरातूनच बोलून राहिलो." पाहुण्यांसाठी "बसा जी, चाय घेऊन जा." सहा नंबरवर "बरं, कर तुया मनानं." नऊ नंबरचं वाक्य मात्र त्यांनी मला न विचारताच म्हणून टाकलं, "काऊन रडून राहिली?"

"कोण रडते जी?" मी म्हटलं. "मी नाही रडत."

"मंग नोको रडू. बटण तं राहू दे."

बारावं रिकामं ठेवलं. आठवलं का सांगीन, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळची नागपूरची गाडी पकडली, आणि महिन्याभराने परतलो तेव्हा बाराव्या बटणासाठी आम्हा दोघांनाही खूप काही आठवत होतं.

त्या अकरा वाक्यांवर आमचा संसार तीन वर्षं चालला. औषधांनी त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली होती, त्यामुळे टच मोबाइल त्यांना जुमानत नव्हता. माऊस धरला की मानेची बाजू ओढायची. हा शाळेतला जुना, जड बटणांचा कीबोर्ड तेवढा त्यांना समजायचा. जास्तीचं बोलायचं असलं की एका बोटाने टाइप करायचे आणि मी येऊन वाचायचे. पण वाचायला मी तिथं असायला हवी ना! म्हणून सगळ्यात महत्त्वाचं चार नंबर. स्पीकर मी मागच्या खिडकीत ठेवला होता, तोंड अंगणाकडे करून. मी धुण्याच्या दगडावर असले तरी, पाण्याची मोटार चालू असली तरी, शेजारणीकडे दह्याचं विरजण मागायला गेले तरी ऐकू यायचं. दिवसातून वीस वेळा. "आली जी, आली! घर जळून राहिलं का?" असं मी तिथूनच ओरडायचे आणि तणतणत जायचे. गेले की काम काय, तर खिडकीत बसलेली खार दाखवायची. माझं डोकं फिरायचं. पण एक पक्कं ठरलेलं होतं. त्यांनी चार नंबर दाबायचं आणि मी असेन तिथून यायचं. त्यांच्याकडे दुसरं काही उरलेलं नव्हतं, हाक तेवढी उरली होती.

तशात मशीनवर सूचना यायला लागल्या. लिनक्सची अशी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. मग मुदत संपते, डागडुजी बंद होते, आणि आता नवीन घ्या म्हणून रोज एक खिडकी उघडते. शाळेत मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून देत आले होते की मुदत संपली की बदला, उशीर करू नका. आणि माझ्याच घरात मुदत संपलेली मशीन चालू. मला ते खपेना. मी शाळेत नेटवर वाचत बसायचे. कोणी म्हणे लगेच टाका, कोणी म्हणे दोन-तीन महिने थांबा, सुरुवातीच्या चुका निघून जाऊ द्या. कोणी म्हणे चालतंय त्याला हात लावू नका. चहा थंड होईपर्यंत मी त्या अनोळखी लोकांची भांडणं वाचायचे आणि मग घरी येऊन आमचं सुरू करायचे.

ते पहिल्या दिवसापासून नाही म्हणाले. टाइप केलं, "हंगामात मशीन खोलत नाई."

हा मिलचा नियम. दिवाळीच्या आगेमागे धान यायला लागलं की तो संपेपर्यंत चालत्या मशीनचा एक नटसुद्धा कोणी काढायचा नाही. पट्टा किंचाळतो, किंचाळू द्या. तेल द्या, हात जोडा, पण खोलू नका. खोलायचं ते हंगाम संपल्यावर, फुरसतीने. एकदा शेठने आणलेल्या नव्या इंजिनीअरने ऐन हंगामात चांगली चालणारी मशीन आणखी चांगली करायला खोलली होती, आणि आठ दिवस मिल उभी, बाहेर ट्रकांची रांग. ही गोष्ट मी त्यांच्याकडून, जीभ होती तेव्हा, शंभर वेळा ऐकली असेल.

"घर म्हणजे तुमची मिल नाही," मी म्हटलं. "आणि मी तुमचा इंजिनीअर नाही."

त्यावर त्यांनी बराच वेळ टाइप केलं. मी मागं उभी राहून वाचत होते. "मी आहो तवरी हात लावू नोको. माह्यामागं खोल, जाळ, काई बी कर."

मी पदराला हात पुसत आत गेले आणि भांडी आपटली. मी कंप्युटरसाठी चिडले आहे असं तेव्हा मला वाटत होतं. तसं नव्हतं. "माह्यामागं" हा शब्द त्यांनी इतका सहज लिहिला होता, जसं "बाजारातून आल्यावर" लिहावं. त्याचा राग होता.

दसऱ्यानंतर मानेत गाठ आली. नागपूरला गेलो. डॉक्टरने त्यांना बाहेर बसवून मला आत बोलावलं आणि म्हणाला, "दिवाळी होईल. होळीचं मी सांगत नाही." येताना गाडीत ते खिडकीशी बसले होते आणि मी त्यांच्या कॉलरवरून मान पाहत होते. त्यांनी काही विचारलं नाही. विचारायला बटण जवळ नव्हतं असं मी धरून चालले.

आता खरं सांगते. घरी आल्यावर मी पुन्हा ती सूचना पाहिली. नव्या आवृत्तीला अजून काही वर्षं होती, तिथं मुदतीची तारीख स्पष्ट लिहिली होती. मला ती वर्षं पाहिजे होती. जुनीवरच राहायचं, आता थोड्या दिवसांसाठी कशाला बदलायचं, असं म्हटलं की मी त्या डॉक्टरच्या बोलण्याखाली सही केल्यासारखं झालं असतं. नवीन टाकली की ह्या घरात अजून तीन-चार वर्षं कोणीतरी बटणं दाबणार आहे, असं होत होतं. पन्नाशीची बाई, कंप्युटरची मास्तरीण, आणि ही माझी अक्कल.

दिवाळी झाली. त्याच्या पुढच्या एका रविवारी जेवणं आटोपल्यावर, म्हणजे माझं जेवण आणि त्यांची नळीतली पेज, मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "सगळा बॅकअप घेतला. तुमचा आवाज दोन पेन ड्राइव्हवर ठेवला. आज टाकते नवीन. एकदा टाकली का तीन-चार वर्षं पाहायचं काम नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना डॉक्टरने काय सांगितलं ते माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. माझं तोंड पाहूनच त्यांना गाडीत कळलं असणार. त्यांनी टाइप काहीच केलं नाही. हात उचलला, सहा नंबरवर बोट ठेवलं.

"बरं, कर तुया मनानं."

तीन वर्षांपूर्वीचा, खणखणीत आवाज. त्यांनी बटण दाबून वाजवलेलं ते शेवटचं वाक्य.

आवृत्ती चढायला सारी दुपार गेली. ते पलंगावरून पाहत होते. संध्याकाळी मशीन उठली, नवा रंग, नवी चित्रं, सगळं झकपक. मी त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी चार नंबर दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग मिलमध्ये सकाळी मशीन तपासावी तसं एकापासून अकरापर्यंत एकेक बटण दाबत गेले, आणि मग बारावंही दाबलं, जे रिकामंच होतं. मग टाइप केलं, "खोललं न?"

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आवाज गेला नव्हता. फाइली जागेवर होत्या, माऊसने उघडल्या की वाजत होत्या. पण बटण आणि आवाज यांना जोडणारा तो छोटा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत मुका झाला होता. मी तो काढून पुन्हा टाकला. मशीन दहा वेळा बंद-चालू केली. सोमवारी शाळेत सुट्टीच्या तासाला वाचलं, तेव्हा कळलं की नव्या आवृत्तीत पडद्यामागची व्यवस्थाच बदलली आहे आणि सुरक्षेसाठी ती अशा प्रोग्रॅमना बटणं ऐकू देत नाही. खाली एकाने एक ओळ लिहिली होती की जुनी व्यवस्था अजून आत आहे, लॉगिन करताना ती निवडा. मी ती ओळ वाचली. दोनदा वाचली. आणि सोडून दिली, कारण आमची मशीन लॉगिन कधी विचारतच नव्हती, सुरू केली की सरळ आत जायची. मला वाटलं हे दुसऱ्या कुठल्या मशीनींसाठी असेल. बधिर बोटांनी पासवर्ड टाइप करावा लागू नये म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच ते लॉगिन बंद केलं होतं, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, ती मी.

तोवर काय करायचं? मी त्यांच्याजवळ स्टीलची थाळी आणि चमचा ठेवला. म्हटलं, दोन दिवस हे वाजवा. त्यांनी टाइप केलं, "मी भिकारी नाई." मी म्हटलं, नाही तर नाही, राहा तसेच. असं म्हटलं मी. गोंदियाच्या बाजारात रिमोटची बेल मिळते. बटण त्यांच्या हातात आणि बेल माझ्याजवळ, सोपं काम. सोमवारी मी बाजारात गेले होते, मंगळवारीही गेले होते, औषधं घ्यायला. त्या दुकानासमोरून दोन्ही वेळा स्कूटी नेली. थांबले नाही. बेल आणली असती म्हणजे मी हरले असं कबूल करणं झालं असतं, आणि मला त्यांना दाखवायचं होतं की मी मशीन नीट करते. रात्र झाली तरी ते मला बोलवायचे नाहीत. काही पाहिजे असलं तर मी यायची वाट पाहायचे. सवयीने हात कीबोर्डकडे जायचा आणि मध्येच थांबायचा.

बुधवारी मी साडेबाराला शाळेतून आले. शेजारची मावशी सकाळभर त्यांच्यापाशी बसायची, ती तिच्या घरी गेली. मी त्यांना खुर्चीत बसवलं, नळीतून पेज दिली, तोंड पुसलं. बरे दिसत होते. मोटार लावली आणि धुणं घेऊन मागं गेले. त्या दगडापासून त्यांच्या खुर्चीपर्यंत दहा पावलं आहेत, मी नंतर मोजली. खिडकीत स्पीकर तसाच होता, तोंड माझ्याकडे करून. चादरी होत्या, म्हणून वीसेक मिनिटं लागली असतील.

आत आले तेव्हा ते टेबलावर कलले होते. मानेतली गाठ फुटली होती. रक्ताचं मी लिहिणार नाही. थाळी भिंतीला टेकून जशीच्या तशी उभी होती, चमचा तिच्यात. उजवा हात कीबोर्डवर होता, वरच्या रांगेवर. बोट कोणत्या बटणावर होतं ते मी पाहिलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. पाहिलं होतं.

डॉक्टर फोनवर म्हणाला की रक्तवाहिनी फुटली, दोन-तीन मिनिटांचा खेळ, तुम्ही शेजारी असता तरी काही करू शकला नसता. मग मयतीला आलेल्या प्रत्येकाने तेच म्हटलं. दीर म्हणाले, मावशी म्हणाली. अरे, मी कुठं म्हणते वाचले असते! दहा पावलांवर होते मी. माझा ओला हात त्यांच्या कपाळावर राहिला असता. त्यांनी बोलवलं आणि मी आले नाही, तीन वर्षांत पहिल्यांदा. ते काय समजले असतील, त्याचं उत्तर कोणता डॉक्टर देणार?

तेरवी झाली, शाळा सुरू झाली. वर्गात "मुदत संपली की बदला" हा धडा आला की मी पान उलटते. मशीनवर मी चादर टाकून ठेवली होती.

होळीनंतरच्या एका दुपारी चादर काढली. त्यांच्या आवाजाच्या फाइली आणखी एका जागी ठेवाव्या एवढाच विचार होता. काम झाल्यावर मशीन बंद करायला गेले आणि चुकून खालचं सोडून वरचं दाबलं. बंद व्हायच्या ऐवजी लॉग आउट झाली. एक पडदा आला, जो मी त्या मशीनवर तीन वर्षांत पाहिला नव्हता. मधोमध त्यांचं नाव होतं. नावावर दाबलं, तर कोपऱ्यात एक बारीकसं दातेरी चाक दिसलं. चाकावर दाबलं. दोन ओळी उघडल्या, वर नवी व्यवस्था, खाली जुनी. कोणीतरी लिहिलेली ती ओळ मला शब्द न् शब्द आठवली.

मी जुनी निवडली आणि पासवर्ड टाकला. एवढंच करायचं होतं. एका मिनिटाचं काम. त्या रविवारी, सोमवारी, मंगळवारी कधीही झालं असतं.

एक नंबर दाबलं. "पाणी दे." दोन दाबलं. "पंखा कमी कर." नऊ नंबरकडे मी गेले नाही. बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसले. पलीकडे मावशीच्या अंगणात भांडी घासल्याचा आवाज येत होता.

मग चार दाबलं.

"वो, इकडे ये." मागं कुकरची शिटी. खिडकीतून आवाज सगळ्या अंगणात गेला, धुण्याच्या दगडापर्यंत, भिंतीपलीकडे. मावशीचा भांडी घासायचा आवाज थांबला.

"आली जी," मी म्हटलं. घर जळून राहिलं का, हे नाही म्हटलं.